हसाजी, इझिकेल, यहेज्केल : एका हिब्रू नावाचा मराठी प्रवास

नवी दिल्लीत खान मार्केटपासून जवळच, हुमायून मार्गावर, ज्यू धर्मीयांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. १९५६ मध्ये उभारलेल्या या वास्तूचे नाव जुडा हयाम सिनेगॉग. शेजारीच समाजाची दफनभूमी आहे. १९७१ च्या युद्धातील कामगिरीमुळे देशाला परिचित असलेले लेफ्टनंट जनरल जेकब यांचे दफन २०१६ मध्ये येथेच झाले. राजधानीत स्थायिक असलेली ज्यू कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या या मंदिराचा कारभार मानद सचिव या नात्याने ज्यांनी अनेक दशके सांभाळला, त्यांचे नाव इझिकेल आयझॅक मालेकर.

मराठी वाचकाने या नावापाशी क्षणभर थांबावे. शेवटचा शब्द गावावरून आलेले, अस्सल मराठी वळणाचे आडनाव आहे. मधला शब्द वडिलांचा. आणि पहिला शब्द सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी बाबिलोनमध्ये निर्वासिताचे जिणे जगलेल्या एका संदेष्ट्याचा. 'ईश्वर सामर्थ्य देतो' हा त्या नावाचा हिब्रूतील अर्थ. मूळ उच्चार 'यहेज्केल'च्या जवळ जाणारा. ग्रीक व लॅटिन भाषांतून तो युरोपात गेला आणि इंग्रजीत 'इझिकेल' झाला.

हा संदेष्टा जेरुसलेमच्या पुरोहित घराण्यातला. इसवी सन पूर्व ५९७ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यहुदी राजासह हजारो लोकांना कैद करून नेले, त्यांत तोही होता. खबार नदीच्या काठी त्याला जे दर्शन घडले त्याचे वर्णन बायबलमधील त्याच्या नावाच्या ग्रंथात येते : मनुष्य, सिंह, बैल व गरुड अशी चार मुखे असलेले प्राणी आणि चाकात चाक असलेला रथ. हे वर्णन इतके गूढ मानले गेले की ज्यू पंडितांनी त्याच्या जाहीर विवरणावर बंधने घातली. दुसरे प्रसिद्ध दर्शन सुकलेल्या हाडांनी भरलेल्या खोऱ्याचे. ती हाडे एकमेकांना जुळतात, त्यांवर मांस चढते आणि एक मोठे सैन्य उभे राहते. परागंदा झालेला समाज पुन्हा उभा राहील, हे त्याचे तात्पर्य.

गंमत अशी, की एवढ्या मोठ्या ग्रंथात संदेष्ट्याचे नाव केवळ दोनदा येते. ईश्वर त्याला नावाने हाक मारीत नाही. 'मानवपुत्रा' असे संबोधतो, तेही नव्वदहून अधिक वेळा. नाव मात्र ग्रंथाबाहेर दूरवर पसरले. दान्तेने चार प्राण्यांचे वर्णन करताना वाचकाला इझिकेलकडे पाठविले, ब्लेकने त्याला आपल्यासोबत जेवायला बसविले, तर एलियटने 'द वेस्ट लँड'च्या टिपांत त्याचा निर्देश केला. राफाएलने त्याचे दर्शन चित्रात आणले. सुकलेल्या हाडांची कथा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत गायली गेली. इस्लामी परंपरेत तो 'हिज्कील' म्हणून ओळखला जातो, आणि कुराणातील 'जुल्किफ्ल' तोच असे काही भाष्यकार मानतात. इराकमधील अल-किफ्ल येथील त्याच्या समाधीला ज्यू आणि मुसलमान दोघांनीही शतकानुशतके मान दिला. नव्या इराक राज्याच्या पहिल्या मंत्रिमंडळांत अर्थखाते सांभाळणारे सासून हेस्केल हेही याच नावाचे धनी.

कोकणच्या किनाऱ्यावर या नावाचे जे झाले ते अधिक लक्षणीय आहे.

बेने इस्रायली समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेले. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू भाषा विसरली गेली, धर्मग्रंथ हाती उरले नाहीत. नावे मात्र टिकली. ती टिकली तीही मराठी होऊन. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा अबाजी, मोझेसचा मुसाजी आणि यहेज्केलचा हसाजी. तानाजी, तुकोजी यांच्या पंक्तीत ही नावे अशी काही बसली की परक्याला संशयही येऊ नये.

याचा सर्वांत ठळक पुरावा मुंबईत आहे. शहरातील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये ज्यांनी बांधले ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, असे परंपरा सांगते. सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरूनच पडले. बेने इस्रायली आपल्या मंदिराला 'मशीद' म्हणत. मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाच्या नावाचे मूळही तेथेच असल्याचे सांगितले जाते.

मग हसाजी गेला कोठे? एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी कोकणात आणि मुंबईत शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. विसरलेला धर्मग्रंथ मराठी भाषांतराच्या रूपाने समाजाच्या हाती आला. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने त्यातून विद्या घेतली आणि धर्म राखला. दाविद ससून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी पुढे ज्यू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. त्या मराठी बायबलात संदेष्ट्याचे नाव 'यहेज्केल' असे, म्हणजे मूळ हिब्रूशी जवळिकीचे आहे. तरीही बेने इस्रायलींनी शाळेच्या आणि नोकरीच्या पटावर लिहिले ते 'इझिकेल'. साहेबाच्या कचेरीत ओळख पटायची तर इंग्रजी रूप उपयोगी होते. तळकर, राजपूरकर, दिवेकर यांसारखी आडनावेही अनेक घरांत मागे पडली आणि वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव बनले.

निस्सिम इझिकेल (१९२४–२००४) यांचे आडनाव असेच. भारतीय इंग्रजी कवितेला आधुनिक वळण देणाऱ्या या कवीचे मूळ घराणे तळकरांचे. वडील मोझेस इझिकेल विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक होते. निस्सिम यांच्या १९६५ च्या संग्रहाचे शीर्षक 'द एक्झॅक्ट नेम', म्हणजे 'नेमके नाव' असे आहे, हा योगायोग खासच म्हणावा लागेल. घाणा चालविणाऱ्या पूर्वजांचा उल्लेख त्यांनी कवितेत केला, इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासमवेत इंग्रजीत नेल्या आणि 'लॅटर-डे साम्स' या संग्रहासाठी १९८३ मध्ये दिल्लीच्या साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविला. या शीर्षकातील 'साम्स' म्हणजे बायबलमधील स्तोत्रे. धार्मिक आचाराशी त्यांचे नाते सैल होते. परंतु संदेष्ट्याच्या नावाचा कवी स्तोत्रांशी वाद घालीत राहिला, हे विसरता येत नाही.

१९४८ नंतर समाजातील बहुतांश लोक इस्रायलला गेले. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये बेने इस्रायलींच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. ज्यांनी ग्रंथ हरवूनही नावे जपली, त्यांनाच आपण कोण हे सिद्ध करण्याची वेळ आली. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये तो भेद दूर झाला. ज्या राष्ट्रगीताखाली हे घडले, त्यातील न संपलेल्या आशेचा उल्लेख सुकलेल्या हाडांच्या अध्यायाला दिलेले उत्तर आहे. तेल अवीव हे शहराचे नावही याच ग्रंथातले.

भारतात १९५१ च्या जनगणनेत सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ते पाच हजारांहूनही कमी भरले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये आणि गुजरातने २०१८ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या सूचीत हा समाज नाही.

दिल्लीत प्रश्न अधिक साधा आहे, आणि अधिक कठीण. सामुदायिक प्रार्थनेसाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. हुमायून मार्गावर तेवढे जमत नाहीत, म्हणून मालेकर यांनी स्त्रियांनाही गणसंख्येत धरण्याची प्रथा पाडली. सनातनी ज्यू तिला मान्यता देत नाहीत. प्रार्थनेत धर्मग्रंथापुढे कोणाला बोलावताना मात्र इंग्रजी रूप चालत नाही. स्वतःचे आणि पित्याचे नाव हिब्रूतच उच्चारावे लागते. आडनावाचे गाव तेथे गळते, आणि इझिकेल आयझॅक यांचे होते 'यहेज्केल बेन यित्झाक'.