बाहेरची गोळी घेतली, तर आतली ग्रंथी आळशी होते का?

डोंबिवली-कल्याणच्या बायकांना झोपेचं गणित कुणी शिकवायला नको. पहाटे उठून डबे भरायचे, ठाण्याची नाहीतर मुंबईची लोकल गाठायची आणि रात्री ओटा आवरून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. तरीही डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून हल्ली मेलाटोनिनची गोळी आणली जाते. घेणारीच्या मनात मात्र एक धास्ती असते. हे बाहेरून मिळू लागलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून तर देणार नाही ना?

धास्ती उगाच नाही. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या, तर मूत्रपिंडावरची ग्रंथी खरंच सुस्तावते. म्हणूनच डॉक्टर त्या एकदम न थांबवता हळूहळू कमी करतात. मेलाटोनिनचं तसं नाही. ते बनवते मेंदूतली तांदळाच्या दाण्याएवढी पिनियल ग्रंथी. (१९५८ साली येल विद्यापीठाच्या डॉ. आरन लर्नर यांनी ते प्रथम वेगळं काढलं, तेही गुरांच्या ग्रंथींतून!) या ग्रंथीला हुकूम सोडतं मेंदूतलं घड्याळ, आणि ते लावलं जातं उजेड-अंधारावर. रक्तात किती साठा आहे, हे पाहून ती काम बंद करीत नाही. काही आठवडे गोळी घेतलेल्यांना तपासलं, तेव्हा त्यांचं स्वतःचं मेलाटोनिन घटलेलं आढळलं नाही. वर्षानुवर्षे घेण्याचा अभ्यास मात्र थोडाच झाला आहे.

गडबड होते ती वेळेची आणि मात्रेची. गोळीने ते घड्याळ पुढेमागे सरकतं. रात्री दोनला जाग आली म्हणून घेतली, तर सकाळी गाडीच्या दारात उभ्या असताना डोळे मिटतील. शरीर रात्रभरात बनवतं ते मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आणि गोळी असते ३, ५, कधी १० मिलिग्रॅमची! कॅनडात २०१७ साली अशी ३१ औषधं तपासली, तर बहुतेकांत लेबलावरचा आकडा आणि आतलं मेलाटोनिन यांचा मेळच बसेना. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर मेलाटोनिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, फिट येणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करण्याचं औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये.

ग्रंथीला खरोखर गप्प बसवतो तो उजेड. रात्री अकराला ओट्यावरची लख्ख ट्यूब आणि मग अंथरुणात मोबाइल, असं असेल तर तिने काम सुरू करावं कधी? जेवणं झाली की एकच मंद पिवळा दिवा ठेवा. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. पहाटेच्या गजराला साधं घड्याळ पुरतं.