संत्र्याच्या मुळातलं निळं झाड

पोरंहो, वरूड-मोर्शीची संत्री सोलता सोलता साली एकमेकांच्या डोळ्यांत पिळून झाल्या असतील, तर आता त्या झाडाच्या जेवणाची गोष्ट ऐका.

आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधतात. वर नागपुरी संत्रा, खाली जंभेरी. ज्वारी-गव्हाच्या मुळांवर बारीक लव असते, तिनं ते पीक मातीतलं अन्न ओढते. लिंबू-संत्र्याच्या कुळात ही लव फार विरळ आणि तोकडी. त्यात आपली काळी माती चुनखडीची. तिच्यात स्फुरद टाकला, की चुना त्याला धरून बसतो. मुळाला चिकटून असलेला स्फुरद संपला, की बोटभर पलीकडचा तिथंच पडून राहतो.

"मंग ते झाड जगते कसं, आबाजी?"

त्याचं उत्तर अमेरिकेतल्या रोपवाटिकांत सापडलं. तिथं लिंबू-संत्र्याची रोपं लावण्याआधी रोगराई मारायला मातीला मिथिल ब्रोमाइडची धुरी देत. धुरी दिलेल्या मातीत रोपं जोमानं यायला हवी होती. ती खुजी राहिली, पिवळी पडली. १९७२ साली क्लाइनश्मिट आणि गर्डेमन या दोन शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. रोगाबरोबर मातीतली एक बुरशीही मेली होती. ती परत घातली, तशी रोपं वाढीला लागली.

भाकरीवर येते ती बुरशी ही नव्हे. नुसत्या डोळ्यांनी ही दिसायचीच नाही. पण दोऱ्यासारखं कोवळं मूळ धुऊन कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळायचं, मग व्हिनेगरमध्ये पेनाची निळी शाई घालून त्यात ते रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. मुळाच्या पेशीत फांद्या फुटलेलं बुरशीचं इवलंसं निळं झाड दिसते! संत्र्याचं आणि बुरशीचं देणं-घेणं चालते ते तिथंच. बुरशीचे धागे मुळाबाहेरही पसरतात. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढे बारीक असल्यानं मूळ शिरू शकत नाही अशा फटींत ते शिरतात आणि तिथला स्फुरद, जस्त झाडाला आणून देतात. झाड त्यांना पानांत तयार केलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ देते. ही बटईच म्हणा ना! फक्त हा बटईदार मालकाविना एकटा राहू शकत नाही. जिवंत मुळाशिवाय त्याची वाढच होत नाही.

हा करार माणसाहून कितीतरी जुना आहे. स्कॉटलंडात रायनी गावाजवळ चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगडात जशाच्या तशा टिकून आहेत. त्यांच्यातल्या काहींना खरी मुळंसुद्धा नव्हती, तरी त्यांच्या पेशींत हीच इवली झाडं सापडली. आज आपला कापूस, तूर, सोयाबीन, मेळघाटातला साग, सगळे या बुरशीच्या भरवशावर आहेत. मोहरी-कोबीसारखी थोडी कुळं तेवढी तिच्याविना निभावून नेतात.

हिला दोन गोष्टी मानवत नाहीत. सुपर फॉस्फेट फार झालं, की झाड तिचा वाटा आखडते. आणि रान बराच काळ उघडं पडलं, की ती उपाशी मरते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला आपल्यासारखीच काळी माती आहे. तिथं शेत फार दिवस मोकळं ठेवल्यावर पुढचं पीक स्फुरद-जस्ताविना खुरटायचं. त्याचं कारण हीच बुरशी कमी होणं, हे १९८०च्या दशकात कळलं.

मला मात्र ज्वारीची हळहळ वाटते. ज्वारीच्या दाट मुळांत ही बुरशी इतकी पोसते, की तिचं विरजण वाढवायला ज्वारी लावलेल्या कुंड्याच वापरतात. अकोला-अमरावतीकडे सोयाबीननं ज्वारीची जागा घेतली. उद्या तुम्ही जंभेरीची रोपं कराल, तेव्हा ही बुरशी मिळावी म्हणून जुन्या बागेची माती आणू नका, तिच्यातून डिंक्या रोग येतो. रोपांच्या जागेवर आधी एक हंगाम ज्वारी घ्या, आणि तिची मुळं मातीतच राहू द्या.