फाटलेला आवाज आणि जळालेली कॉइल

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन बाजार समितीत उतरू लागलं की वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या दुकानांतून होम थिएटरची आणि टॉवर स्पीकरची खोकी घरोघर जाऊ लागतात. नवा स्पीकर पहिल्याच सणाला जोरात वाजतो आणि कधी तीक्ष्ण स्वरांचा ट्विटर जातो, तर कधी बेसच्या वूफरची कॉइल जळते. ‘आवाज जास्त केला म्हणून उडाला’ हे त्यावरचं ठरलेलं निदान. ते अर्धंच बरोबर आहे. कॉइल जळते ती उष्णतेने, आणि अँप्लिफायरचा आवाका संपून आवाज फाटू लागतो तेव्हा ही उष्णता सगळ्यात झपाट्याने वाढते. त्यामुळे सुरक्षिततेची मर्यादा बटणावरच्या आकड्यात शोधून उपयोग नाही. अँप कुठे दमतो, हे कळायला हवं. आपल्याकडे तर ही जागा दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरी असू शकते.

आज घरोघर दिसणाऱ्या स्पीकरची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी 1925 मध्ये मांडली. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल, तिला चिकटलेला कोन, आणि विजेच्या तालावर त्याची पुढे-मागे हालचाल. शंभर वर्षांत साहित्य सुधारलं, पण एक गोष्ट फारशी हलली नाही. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एक टक्का, बहुधा त्याहून कमीच, आवाज होऊन बाहेर पडतो. बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतो, हे ध्यानात घेतलं तर बोटभर रुंदीच्या कॉइलमध्ये 50 वॅट सतत जिरवणं म्हणजे काय ते कळेल. कॉइल वाचते ती संगीताच्या स्वभावामुळे. ढोलकीची थाप क्षणभरच पूर्ण ताकद मागते. गाण्याची सरासरी त्या कमाल ताकदीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही खाली असते. शिवाय तांबं शंभर अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे 39 टक्के वाढतो, स्पीकर कमी वीज घेतो आणि आवाज दबतो. ऐकणारा मग बटण आणखी फिरवतो. इथून पुढे कॉइलचं काही खरं नसतं.

अँप आपल्या अंतर्गत पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज देऊ शकत नाही. मागणी त्यापुढे गेली की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. शुद्ध सूर छाटत छाटत पार चौकोनी झाला, तर त्याची सरासरी शक्ती स्वच्छ सुराच्या कमाल शक्तीच्या दुप्पट होते. ट्विटर जळण्याचं कारण म्हणून या छाटणीतून निघणाऱ्या तीक्ष्ण उपस्वरांकडे बोट दाखवलं जातं. त्यांचा वाटा आहे, पण माझ्या मते मोठं कारण दुसरं आहे. छाटला जातो तो मुख्यतः बेस, कारण सगळी ताकद तोच खातो. बटण वाढवत नेलं की बेस जागच्या जागी अडतो आणि वरच्या पट्टीतला आवाज मात्र चढत राहतो. सलग काही वॅटच सोसू शकणाऱ्या ट्विटरच्या वाट्याला असे कितीतरी पट वॅट येतात.

आता विजेचा प्रश्न. आपल्याकडे मानक दाब 230 व्होल्ट. खेड्यात संध्याकाळी डीपीवर भार आला की तो 180 पर्यंत उतरला, असं धरू. जुन्या पद्धतीचा, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला साधा अँप असेल तर त्याचा अंतर्गत पुरवठाही त्याच प्रमाणात घसरतो, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर ठरत असल्याने कमाल शक्ती 61 टक्क्यांवर येते. दुपारी ज्या खुणेवर गाणं स्वच्छ वाजलं, त्याच खुणेवर रात्री आरतीच्या वेळी आवाज फाटतो आणि दोष मात्र स्पीकरला लागतो. स्विचिंग पुरवठ्याचे नवे अँप हा उतार बऱ्याच अंशी झेलतात. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हाचं म्हणाल, तर ते कॉइलपेक्षा अँपला अधिक जाचतं. काचेच्या शोकेसमध्ये कोंबलेल्या अँपला गार व्हायला वाट राहत नाही.

यावर काही आक्षेप नेहमी येतात. एक म्हणजे मोठा अँप स्पीकर उडवतो, म्हणून लहानच बरा. मोठा अँप नक्कीच स्पीकर उडवू शकतो. पण तो त्याच आवाजाला स्वच्छ वाजतो आणि लहान मात्र फाटतो. शिवाय दुप्पट वॅटने आवाज वाढतो अवघा 3 डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुसरा आक्षेप, ‘बटण तर अर्ध्यावरच होतं’. बटण फक्त आत येणारा सिग्नल किती पुढे सोडायचा ते ठरवतं. मोबाइलचा आवाज पूर्ण आणि बेस वाढवलेला असेल तर अर्ध्यावरही अँपची कमाल गाठली जाते. बेस 10 डेसिबलने चढवला की त्या पट्टीसाठी दहापट शक्ती लागते. तिसरी समजूत अशी की नवा स्पीकर महिनाभर हळू वाजवला की मजबूत होतो. कोनाला धरून ठेवणारं कापड सुरुवातीच्या काही तासांत थोडं सैल होतं, एवढं खरं. कॉइलची तार त्याने जाड होत नाही. पहिल्या दिवशी जपून वाजवायचं ते वेगळ्या कारणासाठी: वायरचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकला तर अँप जातो, आणि नव्या जोडीचा फाटण्याचा बिंदूही अजून ओळखीचा नसतो. खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’ वॅटांवर विसंबू नये, त्यांना सर्वमान्य व्याख्याच नाही. यंत्राच्या पाठीवर ते किती वॅट वीज घेतं हे छापलेलं असतं, तो आकडा वाचावा. आत 60 वॅट घेणारं यंत्र सतत 5000 वॅट कुठून देणार?

हे सगळं जमलं, तरी एक गोष्ट उलटी होते. फाटलेला आवाज निदान कानाला बोचतो, हात आपोआप बटणाकडे जातो. स्वच्छ आवाज ही सूचना देत नाही. 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 50 वॅटवर एका मीटरवर 105 डेसिबलपर्यंत जातो. तसे दोन स्पीकर साध्या बैठकीच्या खोलीत गाण्याची सरासरी 90 च्या घरात सहज नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात, 90 मात्र फक्त 4 तास, आणि 100 तर वीसेक मिनिटं. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली आहे. जळालेली कॉइल बदलून मिळते. आतल्या कानातल्या मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

भिंतीपलीकडच्यांसाठी ध्वनिप्रदूषण नियम, 2000 आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही पातळी ठरलेली आहे, आणि खासगी यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्या पातळीच्या 5 डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. पण हे मोजमाप ‘ए’ पद्धतीचं असतं, आणि त्या पद्धतीत 50 हर्ट्‌झच्या बेसमधून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. बेसच भिंतीतून सगळ्यात सहज पार होतो. शेजारच्या घराची टिनं थरथरत असताना मापकाचा काटा नियमात असू शकतो, आणि शेजाऱ्याची तक्रार तरीही खरी असते.