शत्रूलाही बोलू देणारा कवी

डब्लिनमध्ये सेंट पॅट्रिक्स नावाचे जुने मनोरुग्णालय आहे. ‘गलिव्हर’मुळे आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेल्या जोनाथन स्विफ्टने मृत्युपत्रात आपली बरीचशी मालमत्ता त्यासाठी ठेवली होती. १७४५ मध्ये स्विफ्ट गेला, दुसऱ्या वर्षी रुग्णालयाला सनद मिळाली आणि १७५७ मध्ये त्याची दारे उघडली. एका लेखकाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या वास्तूत १९८६ च्या उन्हाळ्यात दुसरा लेखक दाखल झाला, दारू सोडवण्यासाठी. वय पन्नास, ट्रिनिटी कॉलेजात आधुनिक साहित्याचा प्राध्यापक, टीव्हीमुळे घरोघरी ओळखला जाणारा चेहरा. नाव ब्रेंडन केनेली.

आत गेल्यावर प्राध्यापकाला फारसे काम नव्हते, तो ऐकत बसला. तिथे उपचारांसाठी आलेल्या वेगवेगळ्या वयांच्या बायका आपापल्या आयुष्याबद्दल बोलायच्या. बहुतेकींच्या बोलण्यात एक धागा समान होता, संतापाचा. संताप पुरुषांवरचा, आणि तोही केनेलींसारख्याच आयरिश पुरुषांवरचा. बाहेर आल्यावर त्यांनी युरिपिडीसच्या ‘मिडिया’ची आपली आवृत्ती लिहिली. नवऱ्याने टाकलेली, सूडापायी पोटची पोरे मारणारी ती ग्रीक नाटकातली बाई १९८८ मध्ये डब्लिनच्या रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडी रुग्णालयात ऐकलेली आग होती. ही गोष्ट केनेलींनी नाटकाच्या प्रस्तावनेत स्वतःच, आडपडदा न ठेवता सांगितली आहे. आपण दारूत किती बुडालो होतो तेही सांगितले, आणि त्या बुडण्यात अधूनमधून सुख होते हेही लपवले नाही.

मला या माणसाबद्दल लिहावेसे वाटते ते याच कारणाने. कविता लिहिल्याने मन हलके होते, असे आपण सगळेच म्हणतो. म्हणजे आपले दुःख आपण कागदावर ओतायचे. केनेलींची रीत उलटी होती. बरे व्हायला त्यांनी दुसऱ्यांचे आवाज आत घेतले, आणि बऱ्याचदा नकोसे वाटणारे, आपल्यावरच उलटणारे आवाज घेतले. लिहिणे, शिकवणे आणि बरे होणे या तिन्ही गोष्टी त्यांच्या बाबतीत वेगळ्या काढताच येत नाहीत.

ऐकण्याची सवय गावाकडची. केनेलींचा जन्म १७ एप्रिल १९३६ चा, केरी परगण्याच्या उत्तर टोकाला शॅनन नदीच्या मुखाजवळ असलेल्या बॅलिलाँगफर्ड गावातला. वडिलांचा पब होता. पबच्या मागच्या खोलीत वाढलेल्या मुलाला गप्पा, गाणी, भांडणे, मेलेल्यांच्या आठवणी आणि जिवंतांच्या कुचाळक्या फुकट मिळतात. उत्तर केरीचा हा पट्टा त्याबाबतीत श्रीमंत आहे. शेजारच्या लिस्टोवेल गावात नाटककार जॉन बी. कीन स्वतः पब चालवत आणि गिऱ्हाइकांची भाषा थेट नाटकात आणत. केनेली फुटबॉलही चांगला खेळत. १९५४ मध्ये केरीच्या कुमार संघातून गेलिक फुटबॉलचा अखिल आयर्लंड अंतिम सामना ते खेळले. सामना डब्लिनने जिंकला.

शाळा टार्बर्टची. जेन अ‍ॅग्नेस मॅकेना नावाच्या बाई ती चालवत. आडगावातल्या मुलामुलींना त्या साहित्याची गोडी लावत, आणि केनेलींनी त्यांचे ऋण आयुष्यभर मोकळेपणी सांगितले. तिथून ते ट्रिनिटी कॉलेजात आले. १५९२ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रॉटेस्टंटांचे मानले जाई, आणि कॅथलिक मुलांनी खास परवानगीशिवाय तिथे शिकू नये हा चर्चचा दंडक १९७० पर्यंत टिकून होता. खेड्यातला कॅथलिक पोरगा तिथे बिचकला यात नवल नाही. मध्येच शिक्षण सोडून त्यांनी वीज मंडळात कारकुनी केली, लंडनला बसमध्ये तिकिटे फाडली. मग परत येऊन १९६१ मध्ये पदवी घेतली, १९६६ मध्ये पीएचडी. १९७३ मध्ये आधुनिक साहित्याचे प्राध्यापक झाले आणि २००५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. लग्न मोडल्यावर तर ते कॉलेजच्या आवारातल्या खोल्यांतच राहत. पहाटे उठून शहरभर पायी भटकत आणि भेटेल त्याच्याशी बोलत. त्यांच्या ‘बिगिन’ या गाजलेल्या कवितेत डब्लिनची ही सकाळच आहे. आयर्लंडमध्ये लोक ती अडचणीच्या दिवसांत एकमेकांना पाठवतात.

वर्गात ते टिपणे घेऊन येत नसत. शेकडो कविता तोंडपाठ, आणि म्हणण्याची ढब पबमध्ये गोष्ट सांगणाऱ्याची. पुस्तकातली कविता आधी कानातून जायला हवी, तिचा अर्थ नंतर बघू, असा सगळा खाक्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते बरोबरीने वागवत, त्याचे गाव, त्याचे घर विचारत. विद्यापीठातल्या काही मंडळींना हे फार सैल वाटे. त्यातून टीव्हीवरच्या गप्पा आणि मोटारींच्या जाहिराती, म्हणजे नाके मुरडायला आयती कारणे. पण त्यांच्या वर्गाला बाहेरचे लोकही येऊन बसत, हे नाके मुरडणाऱ्यांच्या वाट्याला सहसा आले नाही.

लिहिण्याची सुरुवात विद्यार्थिदशेतच झाली होती. १९५९ मध्ये एका मित्राबरोबर पहिले पुस्तक आले. १९६४ च्या ‘माय डार्क फादर्स’मध्ये ते दुष्काळाकडे वळले. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि जवळपास तितकीच जहाजांत बसून देशाबाहेर गेली. जे मागे उरले त्यांचे गाणे आणि नाचणे आटले, मग भाषाही आटत गेली. ती मुकी माणसे आपले बाप-आजे आहेत आणि त्यांना वाचा द्यायची आहे, हे केनेलींना विशी-पंचविशीत उमगले. १९७० मध्ये त्यांनी पेंग्विनसाठी आयरिश कवितेचे संकलन केले. जुन्या आयरिश भाषेतल्या कविताही इंग्रजीत आणल्या.

मात्र आपल्या माणसांना वाचा देणे सोपे असते. खरी परीक्षा १९८३ च्या ‘क्रॉमवेल’ने घेतली. ऑलिव्हर क्रॉमवेल १६४९ मध्ये फौज घेऊन आयर्लंडमध्ये उतरला. ड्रोहेडा आणि वेक्सफर्ड या गावांत त्याने कत्तली केल्या, पुढे कॅथलिकांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. ‘क्रॉमवेलचा शाप लागो’ ही तिथली पिढीजात शिवी. केनेलींनी या माणसाला शिव्या देणारे काव्य लिहिले असते तर टाळ्या नक्की मिळाल्या असत्या. त्यांनी बुफून नावाचा एक आयरिश निवेदक उभा केला, त्याला दुःस्वप्ने पडतात असे कल्पिले आणि त्या स्वप्नांत क्रॉमवेलला आणून बसवले. क्रॉमवेल बोलतो, आपली बाजू मांडतो, थट्टा करतो. एका ठिकाणी तर त्याच्या मनात ड्रोहेडाच्या आजच्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापक होण्याचा विचार येतो. वाचताना हसू फुटते आणि लगेच आपल्याच हसण्याची लाज वाटते. या सुनीतसदृश तुकड्यांत कत्तलीची वर्णने सौम्य केलेली नाहीत. फक्त द्वेष हा वारसा म्हणून मुलाच्या हाती कसा दिला जातो आणि तो घेणारा आतून किती कुजतो, हे बुफूनच्या झोपेतून दिसत राहते. उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब फुटत होते त्या वर्षांत हे पुस्तक आले, हे लक्षात ठेवले की त्याची छाती कळते.

माझ्या मते हेच त्यांचे सर्वोत्तम काम. १९९१ चे ‘द बुक ऑफ जूडस’ अधिक गाजले. येशूला धरून देणारा जूडस त्यात आजच्या डब्लिनमध्ये वावरतो, आणि ज्याच्या माथी सगळे पाप मारून बाकीचे मोकळे झाले त्याला एकदा तरी बोलू द्यावे, असा त्याचा रोख आहे. गायक बोनो यांनी त्याचे परीक्षण लिहिले, आणि कवितेच्या पुस्तकाला सहसा न लाभणारा खप त्याला लाभला. पण साडेतीनशेहून अधिक पाने! निम्मी काढली असती तर उरलेली दुप्पट जोराने लागली असती. केनेलींना खोडरबर आवडत नसे, हा त्यांच्यावरचा जुना आरोप मला पटतो. तीसेक पुस्तकांत सामान्य कविता पुष्कळ आहेत. जो सगळ्यांना बोलू देतो त्याच्याकडे कंटाळवाणे पाहुणेही येणारच.

दारू सुटली ती सुटली. दहा वर्षांनी हृदयाने दगा दिला. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्यांच्यावर चार ठिकाणची बायपास शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पावसाचा बनलेला एक माणूस दिसला. अंगावर पाऊस पडत असलेला माणूस नव्हे, पावसाचाच देह. तो त्यांच्याशी बोलला, त्यांना फिरवून आणले. गुंगीच्या औषधांचा परिणाम म्हणून हे सोडून देणे सहज शक्य होते. केनेलींनी तसे केले नाही. १९९८ मध्ये आलेल्या ‘द मॅन मेड ऑफ रेन’ या दीर्घकवितेच्या प्रस्तावनेत ते म्हणतात की दर्शन घडत असताना त्यात काहीच विचित्र वाटत नाही, पंचाईत होते ती नंतर सांगायला गेल्यावर. कवितेत छाती चिरलेल्या शरीराची भीती, व्रण आणि त्या पाहुण्याची विलक्षण मैत्री एकत्र येतात. बायपास झालेला माणूस आता आपल्या प्रत्येक गल्लीत असतो, पण त्या टेबलावरून परतताना मनाचे काय होते याबद्दल इतके धीट लेखन मी दुसरे वाचलेले नाही.

पुन्हा तेच २००७ मध्ये घडले. अमेरिकेत बॉस्टन कॉलेजात ते पाहुणे प्राध्यापक होते, सत्तरी उलटलेली, आणि एकटेपणाने त्यांना गाठले. ते जवळच्या जलाशयाच्या काठी जाऊन बसू लागले. बसल्या बसल्या आवाज येऊ लागले, भावनांचे, निर्जीव वस्तूंचे, प्रत्येक जण ‘मी’ म्हणून बोलणारा. त्यातून २००९ चा ‘रेझर्व्हवॉर व्हॉइसेस’ झाला. संग्रह लहान आहे, काही तुकडे पुसट आहेत. तरीही एकटेपणाला सामोरे जाण्याची त्यांची जन्माची रीत त्यात स्वच्छ दिसते.

‘आयरिश पेन’ या लेखकांच्या संघटनेने २०१० मध्ये त्यांचा गौरव केला. शेवटची वर्षे ते केरीला परतले, आणि १७ ऑक्टोबर २०२१ रोजी लिस्टोवेलमधल्या शुश्रूषागृहात वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कुणाला वाचायला सुरुवात करायची असेल, तर ‘जूडस’च्या ठोकळ्याला आधी हात लावू नये. टेरेन्स ब्राउन आणि मायकेल लाँगली यांनी निवडलेला ‘द इसेन्शियल ब्रेंडन केनेली’ हा २०११ चा संग्रह घ्यावा. त्यासोबत केनेलींनी स्वतः म्हटलेल्या कवितांची सीडी निघाली होती. ती मिळाली तर पुस्तक उघडण्याआधी ती ऐकावी, आणि मग थेट ‘क्रॉमवेल’कडे जावे.