मुलांना नदीपासून तोडू नका, नदीशी जोडा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्या दवाखान्यात पालकांची एक ठराविक तक्रार असते. मुलगा दुपारी गुपचूप नदीवर जातो, मग कान दुखतो, अंगाला खाज सुटते, कधी ताप येतो. ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच याला दम द्या. नदीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगा,’ अशी त्यांची विनंती असते. पालकांची काळजी खोटी नाही. परंतु बंदी घातल्याने मुले नदीवर जायची थांबत नाहीत, घरी सांगून जायची तेवढी थांबतात. न सांगता, मोठे माणूस बरोबर नसताना, अनोळखी जागी पाण्यात उतरणाऱ्या मुलालाच सर्वांत जास्त धोका असतो. म्हणून आजच्या लेखात नदी, तरुण मुले आणि आरोग्य यांचा एकत्र विचार करू.

नद्यांचे माहेर

आपला शाहूवाडी तालुका म्हणजे नद्यांचे माहेर. पावनखिंडीच्या परिसरात कासारी उगम पावते, गेळवड्याच्या धरणात थांबते आणि पुढे पन्हाळा तालुक्यातून वाहत जाते. प्रयाग चिखलीजवळ कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या पाण्याबरोबर तिची पंचगंगा होते. ही पंचगंगा कोल्हापूर शहराला वळसा घालून इचलकरंजीकडे जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कडवीचे पाणी वारणेत जाते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत. मलकापूर हे आपले तालुक्याचे बाजाराचे गाव शाळी नदीच्या काठी वसले आहे.

हे भूगोलाचे पाठ सांगण्याचे कारण असे, की वरच्या गावाने नदीत टाकलेले खालच्या गावाला प्यावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते आणि त्यांत आपली पंचगंगाही होती.

कोल्हापूर शहरातून वाहणारा जयंती नाला सर्वांना ठाऊक आहे. जुनी माणसे त्याला जयंती नदी म्हणत. शहर वाढले, सांडपाणी सोडले गेले, लोकांनी त्याकडे पाठ करून घरे बांधली आणि नदीचा नाला झाला. पुढे कसबा बावड्याला दररोज ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभारावे लागले. एकदा नाला हे नाव पडले, की तिथे मुलाने पाय बुडवावा असे कोणत्याही आईला वाटणार नाही आणि तो स्वच्छ व्हावा असा आग्रहही कोणी धरणार नाही. मलकापूरसारख्या लहान गावांनी यातून वेळीच शहाणे व्हावे.

घाण पाण्याचे आजार

मैलामिश्रित पाणी पोटात गेल्याने पटकी, विषमज्वर, हगवण आणि कावीळ होते, हे आपण शाळेपासून ऐकतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, कित्येकांचा जीव गेला. पाण्यातून पसरणाऱ्या या काविळीला ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतात. एरवी ती बहुधा आपोआप बरी होते. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर शंभरातील २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. नदीची घाण हा घरातल्या सुनेच्या जिवाचा प्रश्न आहे तो असा.

दुसरा आजार लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरे यांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात राहतात व पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. पुरानंतर किंवा चिखलात काम केल्यावर थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नयेत. वेळीच औषध सुरू झाले तर रोगी बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आंघोळीस योग्य पाण्याची सरकारी मोजपट्टी ठरलेली आहे. दर लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. मैल्यातून येणारे जंतू १०० मिलिलिटर पाण्यात ५०० पेक्षा कमी असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत ते २५०० च्या वर जाऊ नयेत. आपल्या घाटावरचे पाणी या मोजपट्टीत बसते का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

बुडणे टाळता येते

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यातली जवळजवळ निम्मी तिशीच्या आतली होती. म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. ही संघटना जे उपाय सुचवते, त्यात शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातील सुरक्षितता शिकवणे हा एक प्रमुख उपाय आहे. मुलांना पाण्यापासून कायमचे लांब ठेवा, असे ती सांगत नाही.

आपल्याकडे पूर्वी वडील किंवा काका मुलाच्या पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडत. आठ दिवसांत पोरगे तरंगू लागे. आता विहिरींना बोअरने मागे टाकले, नदी घाण झाली आणि शिकवणारे हात मोबाइलमध्ये गुंतले. मुलींचे तर विचारूच नका. नदीवर कपडे धुवायला बायकांनी जायचे, निसरड्या दगडावर उभे राहायचे, पण पोहायला मात्र मुलग्यांनीच शिकायचे, हा कुठला न्याय? बहुतेक घाटांवर मुलींना कपडे बदलायला आडोसाही नसतो. घाट सर्वांसाठी खुला करायचा तर सुरुवात तिथून करावी.

आपल्या भागात एक विशेष धोका आहे, तो कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा. पावसाळ्यानंतर बरगे घालून पाणी अडवले की वरच्या बाजूला पाणी संथ आणि खोल होते. फटींतून सुटणाऱ्या पाण्याची ओढ वरून दिसत नाही, खालच्या अंगाला भोवरे असतात. बरगे काढतेवेळी तर पट्टीचा पोहणाराही त्यात सापडतो. बंधाऱ्यावरून उड्या मारण्याची पैज कोणीही, कधीही लावू नये.

कोणी बुडताना दिसल्यास मागोमाग उडी टाकू नका. एकाला वाचवताना दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. आधी ओरडून माणसे जमवा. काठी, दोर, साडी, रिकामा घट्ट झाकणाचा कॅन यांपैकी जे हाती लागेल ते फेका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार घातक आहेत, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर त्याला उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दोन ते पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाबा आणि २ श्वास द्या. दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. मदत येईपर्यंत हे चालू ठेवा आणि कोणालातरी १०८ क्रमांकावर फोन करायला लावा. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच, कारण काही तासांनी दम लागू शकतो.

मुलांच्या हाती झाडूच का?

तरुणांचा सहभाग म्हटला की आपल्याकडे श्रमदान एवढेच डोळ्यांपुढे येते. एका गावी मी असे श्रमदान पाहिले. शाळेच्या मुलांनी सकाळभर घाट झाडला, पाहुण्यांची भाषणे झाली, फोटो निघाले. कचऱ्याच्या पिशव्या काठावरच राहिल्या. गाडी काही आली नाही आणि पहिल्या पावसात तो सारा कचरा पुन्हा नदीत गेला. त्या मुलांना पुढच्या वर्षी कोणत्या तोंडाने बोलवायचे? मुले कामचुकार नसतात. आपल्या कामाचे पुढे काय झाले, हे त्यांना दिसावे लागते.

पुण्यात ‘जीवितनदी’ ही संस्था लोकांना नदीकाठाने फिरवून आणते आणि काठाचा एकेक तुकडा दत्तक घ्यायला लावते. विठ्ठलवाडीला मुठेच्या काठी असे काम झाले. आधी ओळख, मग आपुलकी, मग काम, असा तो क्रम आहे. कोल्हापुरातही तरुणांच्या तालमी आणि मंडळांनी मनावर घेतले, तेव्हा अनेक गणेशमूर्ती पंचगंगेऐवजी इराणी खणीकडे वळल्या.

असे काम वर्षानुवर्षे नेटाने केले तर काय होते, याचे उदाहरण पॅरिसचे आहे. तिथल्या सीन नदीत पोहण्यास १९२३ साली बंदी झाली. सांडपाण्यावर अफाट खर्च केल्यानंतर जुलै २०२५ मध्ये ठरावीक जागी ती नदी लोकांना पोहण्यासाठी खुली झाली. तिथे शंभर वर्षे लागली. आपली शाळी किंवा कडवी अजून तेवढी बिघडलेली नाही, हे आपले भाग्य समजावे.

आपल्या गावात काय करता येईल?

१) हायस्कूल, कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना किंवा तरुण मंडळ यांनी पाऊस नसताना आपल्या हद्दीतील एक किलोमीटर काठ पायी फिरावा. गटार कुठे मिळते, पायऱ्या कुठे तुटल्या, वाट कुठे काट्याकुट्यांनी बुजली, डोह कुठे आहे, हे सारे एका मोठ्या कागदावर नकाशा काढून मांडावे.

२) गावातील कोळी, धोबी, गुराखी आणि वृद्ध स्त्रिया यांच्याकडून धोक्याच्या जागा विचारून घ्याव्यात. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

३) महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी पाण्याचा रंग, वास, गढूळपणा आणि मासे यांची नोंद वहीत करावी. विज्ञानाच्या शिक्षकांनी प्राणवायू मोजण्याचे साधे साहित्य वापरून दाखवावे.

४) नकाशा आणि वही घेऊन मुलांनी स्वतः ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत बोलावे. एकच मागणी असावी आणि ती नेमकी असावी, उदाहरणार्थ घाटाला कठडा, मुलींसाठी आडोसा, धोक्याचा फलक किंवा अमुक एका गटाराचे पाणी वळवणे. उत्तर कधी मिळणार, ती तारीख लिहून घ्यावी.

५) प्रत्येक घाटावर एक लांब दोर आणि दोन मोठे रिकामे कॅन कायम टांगलेले असावेत. त्यांची देखभाल मंडळाने करावी.

पालक आणि शिक्षकांनी घ्यायची काळजी

नदीवरचे काम नोव्हेंबर ते मे या काळातच करावे. पावसाळ्यात मुलांना काठावर नेऊ नये. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजतात, पण वरच्या भागातल्या आपल्या नद्या घाटातील एका जोराच्या पावसाने तासाभरात चढतात. कचरा उचलताना रबरी हातमोजे आणि बूट हवेतच. सुया, औषधांच्या बाटल्या, काच यांना मुलांनी हात लावू नये, ते काम पालिकेचे. पायाला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी काठावर बसून नोंदी करायला द्यावे. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असेल तर ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि कान कोरडे करावेत. नदीचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये.

सुट्टी सुरू होण्याआधी शाळांनी एका शनिवारी सकाळी ही पाहणी ठेवावी. पालकांपैकी निदान दोन चांगले पोहणारे बरोबर असावेत आणि मुलींनाही आवर्जून न्यावे. मुलांनी काढलेला नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत देऊन पोच घ्यावी.