लॉक-इन नेमके कोणाला?

या आठवड्यात कार्पेट एरिया आणि लोडिंगचा हिशेब मांडायचा होता. तो पुढे ढकलतो आहे, कारण नाशिकहून आलेल्या एका पत्राने लॉक-इनचा विषय पुन्हा उघडला आहे आणि तो अर्धवट सोडण्यासारखा नाही.

पत्र लिहिणाऱ्या वाचक आर्किटेक्ट आहेत. गंगापूर रोडवर ६०० चौरस फुटांचे ऑफिस त्या पाच वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेत आहेत. भाडे महिना ३५,००० रुपये. मालक तीन वर्षांचे लॉक-इन मागतात, म्हणजे तेवढा काळ करार मोडता येणार नाही, तर बाई एका वर्षावर अडून बसल्या आहेत. मालकांना खाली कसे आणायचे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पत्रासोबत कराराचा मसुदा आहे. त्यातले कलम असे : ‘लॉक-इनची मुदत संपल्यानंतर उभय पक्षांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन हा करार संपुष्टात आणू शकेल.’ एजंटांच्या संगणकात हा मसुदा तयारच असतो. नाव, पत्ता, भाडे बदलले की झाला करार. पण ‘कोणीही’ म्हटल्यावर त्यात मालकही आले. बाईंनी हट्टाने लॉक-इन एका वर्षावर आणले, तर तेराव्या महिन्यात मालक त्यांच्या हातात नोटीस ठेवू शकतात. पाच वर्षांच्या करारातले हमीचे वर्ष एकच उरते.

आता खर्चाकडे पाहा. पार्टिशन, फॉल्स सीलिंग, वायरिंग, एसी आणि टेबले धरून बाईंचे इंटिरियरचे अंदाजपत्रक नऊ लाखांचे आहे. पाच वर्षे जागा राहिली तर हा खर्च महिन्याला १५,००० रुपये पडतो. वर्षभरात उठावे लागले तर महिन्याला ७५,०००, म्हणजे भाड्याच्या दुपटीहून जास्त. चौरस फुटामागे दोन रुपये कमी व्हावेत म्हणून लोक चार बैठका घालतात आणि हे कलम न वाचता सही करतात. याची मला खरोखर हळहळ वाटते.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. लायसन्सने जागेत हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरण्याची परवानगी मिळते. १८८२च्या सुखाधिकार कायद्यातल्या कलम ६० नुसार, परवानगीवर विसंबून खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केले असेल तर ती परवानगी सहज काढून घेता येत नाही. पण आपले पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग त्या व्याख्येत बसवणे अवघड. तेव्हा संरक्षण हवे असेल तर ते करारातच लिहून घ्यावे लागते.

मोठ्या कंपन्या नेमके तेच करतात. हिंजवडी किंवा बीकेसीतल्या करारांत सर्रास अशी रचना असते : कंपनीला लॉक-इन पहिली काही वर्षे, मालकाला पूर्ण मुदतभर. भाडे थकले किंवा अटी मोडल्या तरच मालकाला करार संपवता येतो आणि त्याआधी चूक सुधारायला ठरावीक दिवस द्यावे लागतात. ६०० फुटांच्या ऑफिसलाही हे मागता येते. मालक अगदीच तयार नसतील तर दुसरा मार्ग आहे. त्यांनी मुदतीआधी जागा परत मागितली तर इंटिरियरचा उरलेला खर्च त्यांनी द्यायचा. नऊ लाख साठ महिन्यांत विभागायचे. तिसाव्या महिन्यात उठवले तर साडेचार लाख. हा तक्ता कराराला जोडावा.

बाईंची भीती मात्र निराधार नाही. धंदा बसला तर उरलेल्या लॉक-इनचे भाडे कुठून द्यायचे? करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाई ठरवते आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. शिवाय नुकसान कमी करण्यासाठी मालकाने काय केले, म्हणजे नवा भाडेकरू शोधला का, हेही पाहिले जाते. पण यावर भिस्त ठेवून सही करू नये. २०२०च्या लॉकडाउनमध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका भाडेकरूने भाडे स्थगित करण्याची मागणी केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. फक्त पैसे भरायला थोडी सवड दिली. त्यापेक्षा बाहेर पडण्याची किंमत आधीच ठरवावी. लॉक-इनमध्ये सोडायचेच झाले तर पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे भाडे, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी दोन. अशा उतरत्या आकड्याला मालक बहुधा तयार होतात, कारण त्यांनाही कोर्ट नको असते.

एका एजंटाने बाईंना ‘अकरा महिन्यांचा करू, नोंदणीची कटकट नाही’ असेही सुचवले आहे. महाराष्ट्रात हे चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारीही मालकाची आहे.

तेव्हा माझा सल्ला असा : तीन वर्षांचे लॉक-इन मान्य करा, त्या बदल्यात मालकांना पाचही वर्षे बांधून घ्या. लॉक-इन ताबा मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचे, भाडे सुरू झाल्यापासून नव्हे, हेही लिहून घ्या. नाहीतर इंटिरियरसाठी बिनभाड्याचे दोन महिने मिळाले, तर ते मागच्या दाराने लॉक-इनमध्ये वाढतात. कार्पेटचा हिशेब पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर आपापला करार काढून नोटिशीचे कलम वाचा आणि त्यात ‘कोणीही’ असेल तर कळवा.