खाड्यांची वही

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरी झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि त्यातल्या एकाची पाटी ‘गिरगाव’. आम्ही जन्मभर चर्नी रोडला उतरलो. गिरगाव नावाचं स्टेशन आमच्या नशिबात नव्हतं. त्या स्टेशनासाठी उतरवलेल्या जुन्या इमारतींतल्या माणसांच्या मीटिंगा आणि निदर्शनं मला ठाऊक आहेत. तरीही डोंबिवलीहून दादरला येऊन मेट्रो पकडली आणि ती पाटी खिडकीसमोर येऊन थांबली, तेव्हा डोळे भरून आले.

काम साधं होतं. मुलाला नरिमन पॉइंटला नोकरी लागली, त्याच्यासाठी भाड्याची जागा बघायची होती. आमची चाळ होती तिथेच टॉवर झालाय. एजंटने माणसं किती, नोकरी कुठली, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, ‘‘नॉनव्हेज खाता का?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग तिकडे जमणार नाही, मॅडम. सोसायटीचं तसं आहे.’’ फणसवाडीच्या तोंडाशी उभं राहून मी हे ऐकलं. जिथे बांगडा तळला की वास तीन मजले चढायचा, तिथे.

गिरगावाबद्दल लिहायचं तर केशवजी नाईकांच्या चाळीतला १८९३चा गणपती, कॉरोनेशनला १९१३ साली लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’, १९२० साली चौपाटीवर लोकमान्यांना दिलेला अग्नी, मॅजेस्टिकला १९३१ साली लागलेला ‘आलम आरा’ हे यायलाच हवं, असा दंडक आहे. ते सगळं खरं आहे, अभिमानाचंही आहे. पण त्या सनावळ्या मला पाठ आहेत आणि त्यांत माझं मन रमत नाही. मॅजेस्टिक माझ्या आठवणीत शॉपिंग सेंटरच आहे. मी डोळ्यांनी पाहिलं ते १९८० ते १९८९ या वर्षांतलं गिरगाव, आणि पाहिलं ते बरंचसं एका वहीतून.

आमच्या मजल्यावरच्या शेवटच्या डबल रूममध्ये काकूंची खानावळ होती. काकू कोकणस्थ, तिशीत वैधव्य आलेल्या, दोन मुलं पदरात. मेंबर अठरा ते वीस. छापखान्यातले कंपोझिटर, बँकेतले कारकून, साहित्य संघाच्या नाटकात छोटी कामं करणारा एक जण, कुणी नातेवाइकाच्या गॅलरीत नुसतं अंथरूण टाकण्यापुरती जागा मिळालेला. महिन्याचे पैसे आगाऊ, रात्रीची पहिली पंगत साडेसातला, रविवारी बंद. सांगून चुकवलेलं जेवण म्हणजे खाडा. महिन्यात चारच्या वर खाडे झाले तर वरचे पैसे पुढच्या महिन्यात वळते. माझं अक्षर बरं, म्हणून सातवीपासून ती वही माझ्याकडे. लाल कापडी बांधणीची, तेलाच्या बोटांनी कडा पारदर्शक झालेली. एका ओळीत एक नाव, पुढे एकतीस चौकटी. जेवला तर टिंब, नाही तर ‘खा’.

त्या टिंबांत सगळं दिसायचं. लग्न ठरलेल्याचे शनिवार रिकामे जायला लागायचे. १९८२चा गिरणी संप तिकडे लालबाग-परळला, पण ज्यांचे वडील गिरणीत होते त्यांची बाकी इकडे वाढत गेली. काकूंनी एकालाही पाटावरून उठवलं नाही. ‘‘लिहून ठेव,’’ एवढंच म्हणायच्या.

रविवारी अर्धे मेंबर खोताच्या वाडीत अनंताश्रमात मासे खायला जात. उरलेले विनय हेल्थ होमच्या मिसळीवर भागवत. पणशीकरांचं पियूष पगाराच्या दिवशी. खोताच्या वाडीत मीही जायची, पण एका मैत्रिणीकडे. बाहेरून चढणारा लाकडी जिना, कौलारू छप्पर, व्हरांड्यात तिची आजी. नाताळात त्या घरातून कुलकुलांची बशी आमच्याकडे येई, दिवाळीत आमची चकली तिकडे जाई. एके काळी त्या वाडीत अशी पासष्ट घरं होती, आता तिसाच्या आत आली आहेत.

बांगड्याची गोष्ट १९८५च्या पावसाळ्यातली. मालवणकडचा एक मेंबर, छापखान्यात नोकरीला, टायफॉइडने पडला. ज्या खोलीत तो सहा जणांबरोबर राहायचा, तिथे त्याला बघायला कुणी नव्हतं. तीन आठवडे काकूंनी पेज पाठवली. पेजेची पातेली मी नेत होते आणि वहीत ‘खा’ लिहीत होते, कारण काकूंच्या मते पेज म्हणजे जेवण नव्हे. उठून बसायला लागल्यावर त्याच्या तोंडाला चव नव्हती, ताट तसंच परत जायचं, तेही ‘खा’; रविवार सोडून एकवीस झाले. एक दिवस तो हळूच म्हणाला, बांगडा मिळाला तर दोन घास जातील.

काकूंनी जन्मात मासळी शिवली नव्हती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग माझ्या आईला हाक मारली. स्टोव्ह गॅलरीत, त्यांच्याच दाराबाहेर लावला. आईने बांगडा तळला. काकूंनी नाकाला पदर लावून आतून भात आणला, त्याच्या ताटात वाढला, आणि तो जेवेपर्यंत दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. समोरच्या बिऱ्हाडातल्या गुजराती बेनने खिडकी ओढून घेतली आणि वास गेल्यावर उघडली. कुणी कुणाला काही बोललं नाही. त्या दिवशी मी वहीत टिंब काढलं.

१९९०ला माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला आले. पुढची वीस-पंचवीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सह्या, संमतीपत्रं, आराखडे, आणि दर खेपेला एका कुटुंबाचा निरोप.

पण एक हिशेब मला चुकता करायचा आहे. ‘मराठी माणसाने गिरगाव विकलं’ असं आज पुष्कळ जण म्हणतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पहाटे साडेचारला नळाच्या रांगेत बादली लावलेली नाही. आमच्या मजल्यावर अठरा बिऱ्हाडं आणि चार संडास होते. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडं परवडलं म्हणून आम्ही टिकलो, आणि त्याच भाड्याचं कारण सांगून आमच्या मालकाने एक वासा बदलला नाही. लाकडी टेकूंमधून वाकून मी शाळेत गेले. भावाचं लग्न झालं तेव्हा एका खोलीतले आम्ही पाच जण वर्षभर गॅलरीत झोपलो. तो पागडी घेऊन बोरिवलीला गेला, त्याला हाव म्हणणाऱ्याने आधी त्या गॅलरीत एक पावसाळा काढावा. आणि चाळीच्या आठवणींवर गहिवरणाऱ्यांचाही मला राग येतो. काकू रोज चाळीस ताटं घासायच्या, हाताच्या भेगांत राख जाऊन बसायची. ते कुठल्या गहिवरात येत नाही.

एजंट निघून गेला, मी तिथेच होते. शनिवार सकाळ होती. पंधरा-वीस तरुण मुलांचा घोळका आला, पुढे एक मुलगी, वाड्या, देवळं आणि खाणं दाखवत फिरणारी. तिने माहिती चांगली सांगितली. बालाजीचं देऊळ दाखवलं, केशवजी नाईकांच्या चाळीचा रस्ता दाखवला, अनंताश्रम बंद झालं हे सांगताना तिचा आवाज खरोखर उतरला. मुलं मन लावून ऐकत होती. त्यांच्यावर माझा रोष नाही. पण गिरगावची चव म्हणून ती ज्या तळलेल्या माशांबद्दल बोलत होती, ते खाणाऱ्याला समोरच्या इमारतीत जागा नाही, हे तिला ठाऊक नसावं. मी सांगणार होते. शब्द फुटला नाही.

आमच्या जिन्याच्या जागी आता पार्किंगचा उतार आहे. काकूंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तिथे आज कुठला फ्लॅट येईल याचा मी मान वर करून अंदाज घेतला. तेवढ्यात मुलाचा फोन आला. एजंटने त्याला परत फोन करून म्हटलं होतं, ‘‘घरात शिजवणार नाही’’ एवढं लिहून द्या, सोसायटीशी बोलून बघतो. ‘‘आई, काय सांगू?’’

मी म्हटलं, ‘‘नको. दुसरीकडे बघू.’’

वही माझ्याकडेच आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत. घरी आल्यावर काढली. ऑगस्ट १९८५च्या पानावर एकवीस ‘खा’ आहेत, आणि पुढच्या चौकटीत, इतरांपेक्षा जरा मोठं, एक टिंब.